घोडी गरीब आहे

"घोडी एकदम गरीब आहे, ताई. कान धरून ओढलं तरी काही म्हणणार नाही."

देणाऱ्या माणसाने असं सांगितलं आणि मी लगेच विश्वास ठेवला, कारण समोर दिसतही तसंच होतं. मान खाली, डोळे अर्धे मिटलेले, मागचा एक पाय ढिला सोडलेला. खोगीर टाकून पाहिलं, काढलं, पोटाखालून हात फिरवला, चारही खूर उचलले, काही नाही. शेपटीसुद्धा हलवली नाही तिने. बरगड्या मात्र लांबूनही मोजता येत होत्या, पुठ्ठ्यावरची हाडं वर आलेली, आणि पाठीचा कणा घराच्या आढ्यासारखा, दोन्ही बाजूंना उतार. वाळून खारीक झालीये ही, असं माझ्या तोंडून पहिल्याच दिवशी निघालं आणि रंगही तोच, सुरकुतलेला तांबूस तपकिरी, म्हणून मग नाव खारीकच पडलं.

मला वाटलं काम सोपं आहे. घोडी बारीक आहे, खायला घालायचं, अंग धरेल. स्वभाव तर आयता चांगला मिळालाय.

तर मी चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, सुरू केली. एक मोठं टमरेल होतं, ते भरून सकाळी, भरून संध्याकाळी, अर्धे ओट्स अर्धा मका. ती आधाशासारखी खायची आणि मला बरं वाटायचं, कुणाला पोटभर जेवताना बघितल्यावर वाटतं तसं. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मी तिला हातात धरून तबेल्यातून बाहेर नेत होते आणि दाराशी कुणीतरी निळी बादली उपडी घालून ठेवली होती. तीच बादली, जी रोज तिथेच असते, फक्त उपडी. खारीक एकदम चारही पायांवर ताठ झाली, नाकातून असा आवाज काढला की माझ्याच छातीत धस्स झालं, आणि पुढच्या क्षणी दोर माझ्या तळहातातून सरकत गेला आणि मी जमिनीवर बसले होते, अक्षरशः बसले होते, पाय पसरून. ती वीस पावलांवर उभी, मान उंच, शेपूट उभी, सगळं अंग थरथरतंय.

तबेल्यातली घोडी सांभाळणारे मोतद्दारकाका आले, मला हात दिला आणि म्हणाले, "चंदी चढली तिला."

हे "चंदी चढली" म्हणजे काय, हे समजायला मला पुढचे काही महिने लागले. आणि इथंच आमचं घोडं पेंड खात होतं.

आधी एक सांगते. आम्ही चंदी लगेच बंद केली नाही, हळूहळू कमी केली आणि डॉक्टरांना बोलावलं, म्हटलं नवीन काही सुरू करायच्या आधी एकदा बघून घ्या. त्यांनी घोडीकडे पाहिलंच नाही आधी, ती उभी राहते त्या जागेची जमीन बघितली. वाकून काहीतरी उचललं आणि माझ्या हातावर ठेवलं. अर्धवट चावलेल्या गवताची गुंडाळी, अंगठ्याएवढी, ओली, लाळेने चिकटलेली. अशा पाच-सहा पडल्या होत्या आणि मी रोज त्या झाडून टाकत होते! घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात, वर्षाला दोनतीन मिलिमीटर, आणि वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असल्यामुळे दाढा पूर्ण घासल्या जात नाहीत, वरच्या दाढांची गालाकडची कड धारदार होते आणि खालच्यांची जिभेकडची. खारीकच्या गालाला आतून दोन ठिकाणी कापलं होतं. चावलं की दुखतंय, मग गवत तोंडात फिरवायचं आणि टाकून द्यायचं. ओट्स मात्र फारसे न चावता गिळता येतात, म्हणून ते आवडीने खायची. मी म्हणत होते बघा कसं आवडलंय तिला.

तिला गुंगीचं औषध देऊन डॉक्टरांनी कानशीने दाढा घासल्या. तो आवाज आणि तो वास, जळक्या नखासारखा, अजून लक्षात आहे. लिदीची तपासणी केली, जंत निघाले, त्याचं औषध झालं. आणि जाताना म्हणाले की आता खायला काय घालायचं ते बोलू, पण आधी तुमचं टमरेल वजन करून बघा.

आता हे टमरेल प्रकरण. मला विचाराल तर घोडा बारीक राहण्याची किंवा उधळण्याची निम्मी कारणं या टमरेलात असतात, कारण आपण मापाने घालतो आणि घोड्याचं पोट वजनाने चालतं. एक टमरेल ओट्स आणि एक टमरेल मका यांचं वजन एक नसतं, पेलेट्सचं, म्हणजे दाबून केलेल्या खाद्याच्या गोळ्यांचं, तर आणखी वेगळं. माझं मिश्रण काट्यावर टाकलं तर एका वेळचं दोन किलो भरलं, साधारण किलोभर हे आणि किलोभर ते.

मग हिशोब. टेपने छातीचा घेर मोजायचा, खोगिराच्या पट्ट्याच्या जागी, मग खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी. दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेराचा वर्ग गुणिले लांबी भागिले 11,880, उत्तर किलोत येतं. अंदाजच असतो हा, पण दर पंधरा दिवसांनी त्याच माणसाने त्याच टेपने मोजलं तर फरक बरोबर दिसतो. खारीकचा घेर 170, लांबी 152, म्हणजे 370 किलोच्या आसपास. अशा घोड्याला एका वेळच्या खाण्यात स्टार्च किती चालतो तर वजनाच्या दर किलोला साधारण 1 ग्रॅम, म्हणजे 370 ग्रॅम. ओट्समध्ये स्टार्च 40 टक्क्यांच्या आसपास, मक्यात 65 च्या. माझ्या टमरेलात किलोभरापेक्षा जास्त स्टार्च होता, एका वेळेला. जवळजवळ तिप्पट!

आणि तो स्टार्च जातो कुठे? घोड्याचं जठर त्याच्या देहाच्या मानाने अगदी लहान, 8 ते 15 लिटर. तिथून अन्न लहान आतड्यात जातं, स्टार्च पचायची जागा तीच, आणि तिची ताकद मर्यादित आहे. जास्त झालं की न पचलेला स्टार्च मागे मोठ्या आतड्यात जातो, जिथे खरं तर गवताचा तंतू पचवणारे अब्जावधी सूक्ष्मजीव बसलेत. त्यांच्यातल्या स्टार्च खाणाऱ्यांची चंगळ होते, लॅक्टिक अॅसिड तयार होतं, तंतू पचवणारे मरायला लागतात, आणि मग पोटशूळ, खुरांच्या आतली सूज, लीद पातळ होणं, आणि अस्वस्थ बुजरं घोडं. कच्चा मका यात सगळ्यात वाईट, कारण त्याचा दाणा लहान आतड्यात नीट फुटतच नाही. ओट्स त्या मानाने बरे पचतात, आणि तरी बदनाम तेच जास्त आहेत. शिवाय जो स्टार्च पचतो त्याने रक्तातली साखर भराभर वर जाते आणि तशीच खाली येते. म्हणजे घोडी एकीकडे आतून बेचैन आणि दुसरीकडे तरतरीत, आणि वर दिवसातले वीस तास बांधलेली. उपडी बादली तर निमित्त होती.

बरं मग ऊर्जा आणायची कुठून, कारण बारीक घोड्याला ऊर्जा तर लागतेच. दोन महिन्यांत अंगाची एक पायरी चढवायची असेल तर रोजच्या गरजेपेक्षा साधारण तिसरा हिस्सा जास्त घालावं लागतं. (पायरी म्हणजे घोडा किती अंगावर आहे याची हेनेके यांची मोजणी, 1 म्हणजे हाडांचा सापळा आणि 9 म्हणजे लठ्ठ, 1983 पासून वापरात आहे, मान, मानेच्या मुळाशी असतो तो उंचवटा, खांद्यामागची जागा, बरगड्या, पाठ आणि शेपटीचं मूळ अशा सहा जागी हात लावून बघायचं. हात लावून, नुसतं बघून नाही, थंडीतले लांब केस फार फसवतात. खारीक 3 वर होती, मला 5 पाहिजे होती.)

उत्तर इतकं साधं निघालं की मला थोडा रागच आला. गवत. आधी गवत. घोड्याला रोज वजनाच्या किमान दीड टक्का सुका चारा लागतो, बारीक असेल तर दोन टक्के किंवा खाईल तितका. मी लटकत्या काट्यावर गवताचं जाळं अडकवून वजन केलं तर तिला दिवसाला चारच किलो पडत होतं, पाहिजे होतं आठाच्या वर. किलोभर वाळकं गवत खायला घोड्याला चाळीसेक मिनिटं लागतात, किलोभर ओट्सना दहा. आता यातली गंमत अशी की घोड्याच्या जठरात आम्ल सतत सुटत असतं, खाल्लं तरी, नाही खाल्लं तरी, पण लाळ सुटते ती फक्त चावताना, आणि त्या आम्लाला शांत करते ती लाळ. म्हणजे मी तिला दिवसातला थोडाच वेळ तृप्त आणि बाकीचा दिवस आम्लात ठेवत होते. दात ठीक झाल्यावर दोन जाळ्या वाढवल्या, एक रात्रीची, आणि पहिल्या आठवड्यात ती फक्त खात राहिली. रात्री अकराला जाऊन पाहिलं तरी तो करकर आवाज चालूच. मला तो आवाज इतका आवडायला लागला की मी कधीकधी काम नसताना जाऊन तिथे उभी राहायचे.

गवतावरच भागेल असं वाटलं होतं पण महिन्याभरात घेर दोनच सेंटिमीटर वाढला. मग बीटचा चोथा आला, साखर काढून घेतल्यावर शुगर बीटचा जो तंतू उरतो तो, वरून मळी न घातलेला. कोरडा कधी घालायचा नाही, तिप्पट-चौपट पाण्यात भिजवायचा, पेलेट असतील तर जास्त वेळ. पहिल्यांदा मी बादली काठोकाठ भरून ठेवली आणि सकाळी चोथा फुगून बाहेर जमिनीवर आलेला, काका हसून हसून बेजार. या चोथ्यात स्टार्च जवळजवळ नाही, पण मोठ्या आतड्यात तो गवतापेक्षा सहज आंबतो, त्यामुळे ऊर्जा ओट्सच्या जवळपास जाते आणि ती मिळते मात्र सावकाश, तासन् तास. रोज किलोभर कोरडा, भिजवून दोन वेळेला. सोबत थोडी कापलेली लसूणघास, म्हणजे ल्युसर्नचा चारा, प्रोटीनसाठी आणि कॅल्शियमसाठी. कॅल्शियममुळे जठरातलं आम्लही जरा सौम्य राहतं. लसूणघासेने काही घोडी तापतात असं ऐकलं होतं, म्हणून ती एकटीच सुरू केली, दोन आठवडे दुसरं काही बदललं नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर चांगलं कशाने झालं आणि वाईट कशाने काही कळत नाही. मी स्वभावाने उतावळी आहे, मला हे फार जड गेलं.

आणि मग तेल. गवतखाऊ जनावर, त्यात घोड्याला पित्ताशयही नसतं, त्याला तेल कसं काय पचणार असं मला वाटायचं. पण पित्त साठवायला पिशवी नसली तरी ते सतत झिरपत असतं, त्यामुळे हळूहळू सवय लावली तर तेल उत्तम पचतं. धान्याच्या दुपटीहून जास्त ऊर्जा, आणि स्टार्च शून्य. 50 मिलीपासून सुरुवात केली, तीन आठवड्यांत 300 वर आणलं, दोन वेळेला विभागून. तीनशे मिली तेल म्हणजे पाऊण किलो ओट्सहून थोडी जास्तच ऊर्जा. तेल वाढवलं की व्हिटॅमिन ई पण वाढवावं लागतं, ते डॉक्टरांनी आठवणीने लिहून दिलं. 1996 मध्ये व्हर्जिनियातल्या संशोधकांनी घोड्यांच्या खाण्यात मक्याचं तेल आणि सोया लेसिथिन घालून पाहिलं होतं, दचकण्याचं प्रमाण कमी झालेलं दिसलं. तेल हे काही शामक नाही, पण स्टार्चची जागा त्याने घेतली की फरक पडतो हे मी स्वतः पाहिलंय.

कोंड्याबद्दल दोन शब्द, कारण प्रत्येक जण तोच सुचवतो. गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी कमी, रोज मोठ्या प्रमाणात घातला तर शरीर हाडांतून कॅल्शियम ओढायला लागतं. मी नाही घालत. जवस घालणार असाल तर उकळून किंवा भाजून दळलेलं, थंड पाण्यात नुसतं भिजवून नको, त्यात विषारी द्रव्य सुटतं. आणि पोत्यावर "कूल" किंवा "नॉन-हीटिंग" लिहिलंय म्हणून आणू नका, पोतं उलटं करून मागचे बारीक आकडे वाचा. एका तशा पोत्यावर मला स्टार्च आणि साखर मिळून 30 टक्क्यांच्या वर दिसलं होतं. मी वीसच्या खालचं शोधते, आणि तेल 8 च्या आसपास. शांत करणाऱ्या पावडरींबद्दल माझं मत असं आहे की मॅग्नेशियम कमी असेल तर मॅग्नेशियमने फरक पडतो, कमी नसेल तर पावडर विकणाऱ्याला.

तिसऱ्या महिन्यात खारीकच्या बरगड्या दिसायच्या बंद झाल्या, हाताला लागायच्या फक्त. कातडीवर चमक आली. आणि ती गरीब राहिली नाही.

म्हणजे, उधळत नव्हती. बादली उपडी असो की सुलटी, बघायची आणि पुढे जायची. पण आता तिला मतं होती. अंग घासायचा खरारा पोटाजवळ गेला की कान मागे. पट्टा आवळला की मान वळवून दात दाखवणं. चरायला सोडलं की कुंपणाच्या कडेने चौखूर एक फेरी, उगाच, आणि दुसरी घोडी दिसली की इतकी खिंकाळायची की आसपास कळावं. माझ्या दंडाला एकदा चावली, रक्त नाही आलं, पण निळा डाग आठवडाभर राहिला.

काका म्हणाले, "परत चढली. कमी करा."

आणि मी कमी केलं. हे लिहायला बरं वाटत नाही पण केलं. तेल बंद, चोथा निम्मा, आठ दिवस. काही कारण नव्हतं, स्टार्च तर तिच्या खाण्यात जवळजवळ उरलाच नव्हता, मला भीती वाटत होती इतकंच. आठ दिवसांत ती शांत झाली का तर नाही, दाराचं लाकूड कुरतडायला लागली, आणि मी बादली घेऊन येताना दिसले की पाय आपटायची. नवव्या दिवशी मी जाळी अडकवत होते आणि ती माझ्या खांद्यावरून मान घालून गवत ओढत होती, गरम श्वास कानाशी, आणि मला एकदम तो पहिला दिवस आठवला. मान खाली, डोळे अर्धे मिटलेले. मी ज्याला स्वभाव म्हणत होते तो स्वभाव नव्हताच, ती महिनोन् महिन्यांची उपासमार होती. बुजायला, रुसायला, चावायला सुद्धा अंगात काहीतरी लागतं. आपण जनावराला गरीब म्हणतो ना, त्या शब्दाचे दोन्ही अर्थ त्या दिवशी तिच्यात उभे होते आणि मला एकच दिसला होता. आणि आता तीच घोडी मला परत हवी होती की काय?

त्याच दिवशी तेल परत सुरू केलं, पुन्हा 50 पासून, कारण मध्ये खंड पडला होता. माझ्याच कर्माने तीन आठवडे वाया.

पट्टा आवळताना दात दाखवते म्हणून डॉक्टरांनी दुर्बिणीने जठर बघितलं, वरच्या भागात व्रण निघाले, फार नव्हते. म्हणजे ते मत नव्हतं, तक्रार होती. औषध चाललं, आणि तेव्हापासून कामाच्या आधी मूठ-दोन मूठ लसूणघास चावायला देते, रिकाम्या पोटी दुडकी चालवली की आम्ल वर उसळतं म्हणून. महिन्याभरात खरारा पोटाखाली चालू द्यायला लागली. कुंपणाच्या फेऱ्या मात्र जाळ्यांनी किंवा तेलाने कमी होणाऱ्या नव्हत्या. वीस तास बांधलेलं घोडं सुटल्यावर पळणारच. आता ती दिवसातला बहुतेक वेळ बाहेर असते, सोबत एक म्हातारा घोडा, आणि आठवड्यातून चारदा आम्ही चढावर चालतो, नुसतं चालतो, कारण पाठीवरचं मांस चरबीने भरत नाही, त्याला प्रोटीन लागतं आणि काम लागतं. पाठीचं ते आढं अजून पूर्ण गेलेलं नाही. दंडावर पुन्हा चावली नाही, पण बाहीचं बटण एकदा खाल्लंय.

पाचवा महिना संपला तेव्हा मोजायला गेले. पहिल्या दिवशी मापाला ती खांबासारखी उभी होती, टेप घालताना मला कुणाला धरायलाही सांगावं लागलं नव्हतं. या वेळी काका दोर धरून आणि मी टेप घेऊन तिच्याभोवती फिरतेय, ती एक पाऊल बाजूला, मग मागे, मग टेपचं टोक ओठांत धरून ओढायला लागली. पहिल्यांदा 182 आलं. तेव्हा तिने श्वास भरून घेतला होता. दुसऱ्यांदा 176, टेप जास्तच आवळली गेलेली. तिसऱ्यांदा 179.

"कुठलं लिहू?" काका वही घेऊन म्हणाले.

"179 लिहा," म्हटलं, "410 किलो होतात. आणि तेल आता कमी करून 200 वर आणू."

त्यांनी लिहिलं, आणि वहीचा कोपरा खारीकच्या तोंडातून सोडवून घेतला.